मधल्या गावांचे गणित

चंद्रपूर जिल्ह्यातली गावे मोठेपणाच्या क्रमाने सांगायला घेतली, तर नागभीडचा नंबर बराच मागे लागतो. चंद्रपुरात वीजकेंद्र आणि महाकाली, बल्लारपुरात कागद, वरोऱ्याला आनंदवन, भद्रावतीला लेणी आणि आयुधनिर्माणी. नागभीडला काय, असे विचारले तर तिथला माणूसही घोडाझरीच्या तलावाकडे बोट दाखवून मोकळा होईल. पण गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वे आणि नागपूरकडून येणारा फाटा एकमेकांना भेटतात ते याच गावी. नागपूर-नागभीड ही नॅरोगेज गाडी २०१९ च्या अखेरीस ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तेव्हा वाटेवरच्या कितीतरी गावांना नागपूर एकदम लांब गेले. आणि ताडोब्यातून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याकडे निघालेला वाघ ज्या जंगलपट्ट्यातून वर सरकतो, तोही नागभीड-घोडाझरीचाच. रेल्वेच्या इंजिनिअरने आणि वाघाने एकमेकांना न विचारता एकच वाट पसंत केली.

एखादी जागा केवढी आहे हे मोजायची आपल्याला सवय आहे. ती कुणाकुणाच्या मध्ये आहे, आणि उद्या ती नसली तर कोण कुणापासून तुटेल, हे मोजायची नाही. नेटवर्क विज्ञान नावाचा जो विषय पुढच्या पानांत उलगडायचा आहे, त्याचा जीव या दुसऱ्या मोजणीत आहे. गाठी आणि दुवे एवढेच त्याचे भांडवल. गाठ म्हणजे गाव, माणूस, स्टेशन, पेशी, जंगलाचा तुकडा, काहीही. दुवा म्हणजे त्यांच्यातला रस्ता, ओळख, उधारी, संसर्ग. लिंटन फ्रीमन या समाजशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मधलेपणाचे माप मांडले. जाळ्यातल्या प्रत्येक दोन गाठींमधली सर्वांत जवळची वाट शोधायची आणि आपली गाठ त्यांपैकी किती वाटांवर येते ते पाहायचे. या मापाने नागभीड पुष्कळ वर चढते. चंद्रपूर शहराच्या प्रतिष्ठेला त्याने काही धक्का लागत नाही, पण जिल्ह्याकडे बघण्याची नजर बदलते.

विषयाचा इतिहास सांगताना सगळे जण कोनिग्सबर्गच्या सात पुलांपासून सुरुवात करतात, म्हणून मी तो भरभर उरकतो. १७३६ मध्ये ऑयलरने दाखवले की प्रत्येक पूल एकदाच ओलांडून शहर फिरता येणार नाही, आणि हे सांगायला पुलांची लांबी, नदीची रुंदी यांची गरज नाही. कोण कशाला जोडलेले आहे एवढे कळले की पुरे. दोन शतकांनी, १९३० च्या दशकात, जेकब मोरेनोने न्यू यॉर्क राज्यातल्या मुलींच्या एका सुधारगृहात कुणाला कुणाची सोबत हवी याची चित्रे काढली आणि मुली तिथून का पळतात याचा माग त्या रेषांत शोधला. १९६७ मध्ये स्टॅन्ले मिलग्रमने पत्रे ओळखीओळखीतून पुढे सरकवायला लावली. पोचलेल्या पत्रांनी साधारण सहा टप्पे घेतले. बरीचशी पत्रे पोचलीच नाहीत, ही गोष्ट मात्र हा प्रयोग सांगणारे सहसा गाळतात. मग १९९८ मध्ये वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ, १९९९ मध्ये बाराबाशी आणि आल्बर्ट यांचे निबंध आले, आणि भौतिकशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ व संगणकवाले एकाच विषयाच्या अंगणात येऊन उभे राहिले. एकाची परिभाषा दुसऱ्याला कळेना. यातून २००६ मध्ये अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन इथे एक परिषद भरली आणि तेव्हापासून ती दरवर्षी भरते आहे: नेटसाय.

या परिषदेचे गाव दरवर्षी बदलते. व्हेनिस, कोपनहेगन, पॅरिस, व्हिएन्ना, क्वेबेक, २०२५ मध्ये मास्ट्रिख्ट. आधी नवशिक्यांसाठी शाळा, मग एकेका उपविषयाच्या छोट्या बैठका, मग मुख्य सभा, अशी तिची रीत. २०२० ची सभा रोममध्ये व्हायची होती. ती ऑनलाइन घ्यावी लागली. साथ माणसामाणसांतून कशी पसरते हा ज्यांचा आवडता प्रश्न, त्यांनाच साथीने घरी बसवले. याच कुळातली थंडीतली धाकटी परिषद, नेटसाय-एक्स, फेब्रुवारी २०२५ मध्ये इंदुरात झाली. होळकरांचे इंदूर म्हणजे आपल्याला परगाव वाटू नये. तरीही या परिषदांतले निबंध बघावेत, तर विमानतळ, ट्विटर, प्रथिने, बँका यांचीच जाळी पुष्कळ. विदा (डेटा) जिथे आयती मिळते तिथे शास्त्र आधी जाते, यात नवल नाही. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या विद्यार्थ्याने मात्र हा विषय विमानतळांवरून शिकू नये, असे मला वाटते. त्याच्या दाराशी याहून चांगली जाळी आहेत आणि त्यांतली बरीचशी अजून कुणी काढलेली नाहीत.

मराठी मुलखात ही वाट अगदी कोरी आहे असेही नाही. डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे आणि य. भा. दामले यांनी महाराष्ट्रातल्या तीन खेड्यांत कोण कुणाकडे जाते, मदत कुणाची घेते, जेवायला कुणाला बोलावते, याची घरोघर विचारपूस करून आकडे मांडले. ते पुस्तक १९६३ चे. बाईंनी पुढे हेमलता आचार्य यांच्याबरोबर आदिवासी, ग्रामीण आणि शहरी भागांतल्या आठवडी बाजारांचा अभ्यास केला, तो १९७० मध्ये छापून आला. बाईंच्या ‘युगान्त’वर आपण पिढ्यान् पिढ्या बोलतो. बाजारांवरच्या या कामाची आठवण क्वचितच निघते. खरे तर आठवडी बाजार ही नेटवर्क शिकायची फर्मास जागा. सहा दिवस तिथे मोकळे मैदान असते आणि सातव्या दिवशी वीस-पंचवीस गावांचा दुवा एका ठिकाणी येतो. मीठ-मिरची, मोहफुले आणि कोंबड्यांबरोबर सोयरिकीची बोलणी, पोलीस ठाण्याची खबर आणि ताप-खोकला हेही तिथूनच घरोघर पोचतात. दुवा कायमचा नसून वाराने उगवतो आणि मावळतो, अशा जाळ्यांचे गणित नेटवर्क विज्ञानात बरेच उशिरा आले.

खेड्यातल्या माणसाला स्वतःचे जाळे ठाऊक असते, हेही अलीकडे मोजून झाले आहे. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी कर्नाटकातल्या खेड्यांत लोकांना विचारले, की एखादी बातमी गावभर करायची तर कुणाच्या कानावर घालावी? लोकांनी जी नावे घेतली, ती सबंध गावाचे जाळे काढून गणिताने शोधलेल्या मोक्याच्या माणसांशी चांगली जुळली. गावच्या पारावर बसणाऱ्याला यात आश्चर्य वाटणार नाही. पण आता ते सिद्ध झाले आहे, आणि सरकारी योजनेची माहिती फक्त सरपंचाच्या हाती देऊन निघून येणाऱ्यांना त्यातून शिकण्यासारखे आहे.

वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये जी तीन जाळी तपासली, त्यांतले एक सिनेनटांचे होते. दोघांनी एका चित्रपटात काम केले की त्यांच्यात दुवा. सव्वादोन लाख नट, आणि कुठल्याही दोघांमध्ये सरासरी चार टप्पेसुद्धा नाहीत. हे वाचले की मला झाडीपट्टी आठवते. दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या खेड्यांत रात्रभर नाटके होतात, आणि त्यांचा सारा कारभार हलतो तो वडशावरून. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे गडचिरोली जिल्ह्यातले रेल्वेचे गाव. तिथे नाट्यमंडळ्यांच्या कचेऱ्या. गावातले मंडळ वडशाला येते, नाटक आणि तारीख ठरवते, आणि मंडळी त्या रात्री ट्रकमध्ये नेपथ्य घालून गावात हजर. बऱ्याचदा निमित्त शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे. नाटकाला पाहुणे येतात, पाहुण्यांत मुलगी दाखवायची राहिलेली असते, आणि तिसरा अंक संपेतो दोन गावांत नवे नाते जुळलेले असते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राचे या रंगभूमीकडे लक्ष गेले.

या नाट्यव्यवहाराचे जाळे काढणे कुणाही पदवीच्या विद्यार्थ्याला जमेल. एकत्र रंगमंचावर आलेल्या नटांना जोडा. वडसा मधोमध जाड होईल. नागपूर-मुंबईहून चार रात्रींसाठी येणारे पाहुणे कलावंत कडेला दिसतील, पण दोन जगांना जोडणारे दुवे तेच. मग गावे आणि मंडळ्या यांचे वेगळे जाळे काढा: कुठल्या गावाने कुठली मंडळी बोलावली. पेटी-तबल्याची साथ करणारा एखादा वादक कदाचित नायकाहूनही जास्त मंडळ्यांना जोडत असेल. कदाचित म्हणतो, कारण काढून पाहिल्याशिवाय ते कळणार नाही, आणि काढून पाहणे हाच या विषयाचा धर्म.

आता वाघ. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत नेटवर्क विज्ञान कागदावरून जमिनीवर आणणारा विषय वाघाचाच आहे. जंगलाचे तुकडे म्हणजे गाठी आणि त्यांच्यातल्या वाटा म्हणजे दुवे, अशी मांडणी डीन अर्बन आणि टिमथी किट यांनी २००१ मध्ये परिस्थितिकीत रुळवली. आपल्याकडची सर्वांत ठळक गाठ ताडोबा-अंधारी: सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा गाभा आणि भोवती अकराशेचा बफर. नर बच्चा दोनेक वर्षांचा झाला की आईपासून सुटतो. गाभ्यातली जागा थोरल्या नरांनी अडवलेली, म्हणून त्याला बाहेर पडणे भाग. वर घोडाझरीतून कऱ्हांडल्याकडे आणि पुढे नवेगाव-नागझिऱ्याकडे. खाली कन्हाळगावातून चपराळ्याकडे किंवा तेलंगणातल्या कावलकडे. पश्चिमेला यवतमाळचे टिपेश्वर. पूर्वेला वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीचे जंगल, आणि इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड.

या वाटांना लांबीपेक्षा कष्टाने मोजतात. जंगलातला किलोमीटर स्वस्त, धानाच्या बांध्यांतला महाग, महामार्ग आणखी महाग, आणि उघड्या कोळसाखाणीचा जवळजवळ परवडू नये असा. गोसीखुर्दचा उजवा कालवा शेतकऱ्याला हवा असतो. त्याच्या सिमेंटच्या उभ्या कडा मात्र जनावराला भिंतीसारख्या आडव्या येतात. प्रत्येक तुकड्याला अशी किंमत लावून सर्वांत कमी कष्टाची वाट संगणक शोधतो. दुसरी पद्धत विजेची: जंगलातून प्रवाह सोडल्यासारखे गणित करायचे आणि तो कुठे चिंचोळ्या जागी एकवटतो ते बघायचे. जिथे एकवटतो ती जागा गेली तर पर्यायी वाट नाही. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये पूर्व विदर्भाच्या अशा वाटांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि अभयारण्याच्या हद्दीबाहेर पडलेल्या जमिनीचे काय करायचे हा नेमका प्रश्न पुढे ठेवला. २०१८ मध्ये घोडाझरी आणि २०२१ मध्ये कन्हाळगाव अभयारण्ये झाली. दोन्ही आकाराने बेताची, दोन्ही मधली. आणि २००९ मध्ये लोहाऱ्याच्या कोळसाखाणीविरुद्ध चंद्रपूर पेटले, इको-प्रो संस्थेच्या बंडू धोत्रे यांनी उपोषण केले, तेव्हा लोकांच्या तोंडी हाच मुद्दा होता: खाण ताडोब्याच्या आत नाही हे खरे, पण ती वाटेत आहे.

वाघ गणित वाचत नाहीत. टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर २०१९ मध्ये निघाला आणि शेते, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला. त्याच्या वाटचालीची मोजदाद तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली. ब्रह्मपुरी विभागातला एक नर २०२३ मध्ये ओडिशातल्या गजपती जिल्ह्यात कॅमेऱ्यात सापडला. पट्टे जुळवून त्याचे मूळ गाव कळले. नकाशावर जिथे दुवा काढायला हात धजावला नसता, तिथून ही जनावरे गेली. मॉडेल चुकले असे मी म्हणणार नाही. मॉडेल बहुतेकांची वाट सांगते आणि एखादा फटकून जातो. पण दूरच्या दोन समूहांत नवे रक्त मिसळायला असा एखाददुसराच पुरतो, हेही गणितच सांगते.

ब्रह्मपुरीवर थोडे थांबायला हवे. हा साधा प्रादेशिक वनविभाग. अभयारण्याची पाटी नाही, जिप्सी नाहीत, आणि वाघ पुष्कळ. त्याच जंगलात चैत्रात पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसे शिरतात. आलेखात दुवा ही बारीक रेघ असते. सिंदेवाहीकडे ती रेघ कुणाच्या तरी बांधीतून जाते, आणि त्या बांधीत वाकून रोवणी करणारी बाई पाठीमागे पाहत नाही. दरवर्षी या जिल्ह्यांत माणसे मरतात. वैनगंगा ओलांडून वडसा-आरमोरीकडे वाघ परत आले, तेव्हा संवर्धनाच्या भाषेत जोडणी यशस्वी झाली होती. तिथल्या गावांच्या भाषेत काय झाले ते वेगळे लिहायला नको. दुवा म्हणजे लाभच, हा समज या विषयात फार लवकर रुजतो. रस्त्याने डॉक्टर येतो आणि हिवतापही. जाळ्याच्या नकाशावर लाभ आणि किंमत वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात, आणि ते दाखवणारे चिन्ह अजून रूढ नाही.

तज्ज्ञांच्या उत्साहालाही आवर घालणारी माणसे या क्षेत्रात आहेत, हे बरे आहे. थोड्या गाठींना अमाप दुवे आणि बाकीच्यांना दोन-चार, अशी विषम वाटणी एका ठरावीक सूत्राने सगळीकडे सापडते, असे वीसेक वर्षे सांगितले जात होते. २०१९ मध्ये ॲना ब्रॉयडो आणि ॲरन क्लॉसेट यांनी शेकडो खरी जाळी कसून तपासली आणि ते सूत्र काटेकोरपणे फारच थोड्यांना लागू पडते असे दाखवले. वाद झाला, अजून मिटलेला नाही. विद्यार्थ्याने तो अवश्य वाचावा. सुंदर आकृती दिसली की आधी विदा कुणी, कशी गोळा केली ते विचारावे, एवढी सवय त्यातून लागली तरी पुरे.

राहता राहिली माणसांची जाळी, आणि इथे गडचिरोलीला शिकवण्यासारखे बरेच आहे. मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये म्हटले, की नवी खबर जिवलगांकडून फारशी येत नाही, कारण त्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. ती येते तोंडओळखीच्या माणसाकडून. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे निबंध न वाचता साधले. गावाचा निर्णय ग्रामसभा घेते, सर्वसहमतीने, आणि त्यात बाहेरच्याचे काही चालत नाही. त्याच्या शेजारी अभ्यास गट. तिथे बाहेरचा माणूस येतो, कायदा समजावतो, वाद घालतो, आणि जातो. ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांनी ही घडी बसवली. आतले घट्ट दुवे निर्णयासाठी, बाहेरचे सैल दुवे ज्ञानासाठी, आणि दोन्हींत सरमिसळ नाही. २००९ मध्ये अठराशे हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. याचे श्रेय जेवढे चळवळीला, तेवढेच त्या बैठकींच्या रचनेला द्यावे असे माझे मत आहे.

पण एकटे गाव व्यापाऱ्यापुढे किती टिकणार? तेंदूपत्त्याचे खरेदीदार मोजके, एकमेकांना ओळखणारे. गावे शेकडो, एकमेकांच्या भावाची खबर नसलेली. अशा जाळ्यात भाव कुणाच्या बाजूला झुकणार हे सांगायला गणित नको. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा उभी केली, तेव्हा त्यांनी मुख्यतः गावागावांतले गाळलेले दुवे भरले. कुठल्या गावाला काय भाव मिळाला, कुणाचे पैसे थकले, हे शेजारच्या गावाला कळू लागले. खरेदीदार तेच, पाने तीच, पण बोलणी करणारी बाजू आता विखुरलेली राहिली नाही. महसूल खात्याच्या नकाशावर यातले काही उमटत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि ठाण मांडून बसला. वाघांसाठी काढलेल्या वाटा त्यांच्या कामाच्या नाहीत. हत्तीची किंमतपट्टी निराळी, त्याला धान हवे, पाणी हवे. ते जाळे नव्याने काढावे लागेल, आणि ते काढणारा माणूस मुरुमगाव-धानोऱ्याकडचा असला तर बरे.

पुस्तक हाती घेतलेल्याने पहिल्या प्रकरणाआधी एक काम करावे. मोठा कागद घ्यावा. आपल्या तालुक्यातली गावे टिंबांनी मांडावीत आणि प्रत्येक गाव कुठल्या आठवडी बाजाराला, कुठल्या वारी जाते ते घरातल्या आजीला किंवा आत्याला विचारून रेघा ओढाव्यात. मग त्यातून पावसाळ्यात बंद पडणाऱ्या वाटा खोडाव्यात. भामरागडच्या विद्यार्थ्याला पर्लकोटेच्या पुलापासून सुरुवात करावी लागेल. पूल पाण्याखाली गेला की आलापल्लीकडचा रस्ता संपतो. खोडून झाल्यावर किती गावे एकाकी उरली, आणि कुठल्या एका टिंबाच्या आधाराने बाकीची अजून जोडलेली आहेत, ते मोजावे. कुणी नकाशात नसलेली पायवाट किंवा डोंग्याचा घाट सांगितला तर तोही काढावा, वेगळ्या रंगाने, आणि सांगणाऱ्याचे नाव कडेला लिहून ठेवावे.